मायक्रोवेव्ह भांडं तापवत नाही, पाणी तापवतो: पेण आणि रोह्याच्या खाद्यव्यवसायासाठी एक धडा

खाण्यापिण्याचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांकडून दोन प्रश्न सतत येतात. पहिला, "सर, दुकानासाठी मायक्रोवेव्ह घेऊ का?" आणि दुसरा, "पार्सल कुठल्या डब्यात देऊ?" विचारणाऱ्याला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. खरं तर दोन्हीचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: हे मशीन नेमकं काय तापवतं. ते कळलं की कुठलं मशीन घ्यायचं, कुठला डबा वापरायचा आणि पाकिटावर काय छापायचं, हे तुमचं तुम्हालाच सुचायला लागेल.

आज पेण आणि रोहा ही दोन गावं उदाहरणाला घेतली आहेत, कारण दोन्हीकडे धंद्याची रीत वेगळी आहे. पेणला लोक गणपतीच्या मूर्तीसाठी येतात आणि जाताना पोहे, पापड, मिरगुंड बांधून घेऊन जातात. म्हणजे तुमचा माल मुंबई, ठाणे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये पोचतो आणि तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये शिरतो. तो मायक्रोवेव्ह तुमच्या ताब्यात नाही. रोह्याचं उलट आहे. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते हे स्टेशन, शेजारी धाटावची एमआयडीसी, तिथला कामगार, शिफ्ट आणि जेवणाची सुट्टी. तिथे पोळीभाजी केंद्र किंवा छोटी खाणावळ टाकली तर मायक्रोवेव्ह तुमच्याच काउंटरवर असणार. एका ठिकाणी कस्टमरला सूचना द्यायची आहे, दुसऱ्या ठिकाणी स्वतःचं मशीन चालवायचं आहे.

आत नेमकं काय होतं

आधी थोडा इतिहास, कारण तो धंद्याचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरत होते. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे इंजिनियर त्यावर काम करत होते. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना खिशातलं चॉकलेट वितळलं, अशी गोष्ट सांगतात. १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये पहिलं मशीन बाजारात आलं. माणसाएवढं उंच आणि सव्वातीनशे किलोच्या वर वजन! ते घरासाठी नव्हतंच, हॉटेलं आणि मोठ्या स्वयंपाकघरांसाठी होतं. ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन लोकप्रिय व्हायला १९६७ उजाडलं. म्हणजे हे यंत्र जन्मालाच आलं ते धंद्यासाठी.

आजही आत तोच मॅग्नेट्रॉन आहे. तो ज्या लहरी सोडतो त्यांची दिशा सेकंदाला २४५ कोटी वेळा मागेपुढे होते. पाण्याच्या कणाचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण असतं, त्यामुळे लहरीची दिशा बदलली की तो कणही तोंड फिरवायला बघतो. आता दिवा-रोहा मेमूचा भरलेला डबा डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांनी एकदम डावीकडे, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे वळायचं ठरवलं तर किती धक्काबुक्की होईल? पाण्याच्या कणांची तीच धक्काबुक्की म्हणजे उष्णता. मीठ विरघळलेलं असेल तर त्याचे कणही या ओढाताणीत सापडतात. तेल आणि साखरही तापतात, पण मुख्य काम पाण्याचं.

"मायक्रोवेव्ह पदार्थ आतून बाहेर शिजवतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते चूक आहे. ओल्या पदार्थात या लहरी साधारण दोन-तीन सेंटीमीटर शिरतात, मग त्यांची शक्ती संपत जाते. त्यापुढचा मधला भाग शेजारच्या उष्णतेनेच तापतो, तोही सावकाश. म्हणून बटाटेवडा लवकर तापतो, पण खोलगट भांड्यातली दाट उसळ कडेला चटका देते आणि मध्ये गारच राहते.

आपल्या रायगडची पोपटी आठवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोणी चिकनही घालतं, तोंड पाल्याने बंद, मडकं उपडं आणि भोवती जाळ. तिथे आधी मडकं तापतं, मग शेंगांमधल्याच ओलाव्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळं शिजतं. उष्णता बाहेरून आत येते, भांडं सगळ्यात गरम. मायक्रोवेव्हमध्ये भांड्याने बाजूला राहायचं असतं. लहरी भांड्यातून आरपार जाऊन पदार्थातल्या पाण्याला भिडल्या पाहिजेत. मायक्रोवेव्हच्या भांड्यांचा सगळा नियम एवढ्यावर उभा आहे.

आणि पोपटीला धुराचा, भाजल्याचा जो वास असतो तो मायक्रोवेव्हमध्ये का येत नाही? पदार्थात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडकतं, आणि खरपूस रंग-वास यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. "मायक्रोवेव्ह पोपटी" विकायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर ती आत्ताच सोडा. उरलेली पोपटी गरम करायला हरकत नाही. फक्त अंडं कवचासकट कधीच आत ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि अंडं फुटतं, कधी कधी बाहेर काढल्यावर हातात फुटतं. सोललेलं उकडलेलं अंडंसुद्धा चिरूनच ठेवा.

अजून एक शंका लगेच मिटवतो. मायक्रोवेव्हच्या लहरी एक्स-रे सारख्या नाहीत. मशीन बंद झालं की लहरी संपल्या, पदार्थात काही शिल्लक राहत नाही. दाराच्या काचेतली जाळी बघा, तिची भोकं मिलिमीटरभर आणि लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर. त्या भोकातून ती बाहेर येऊ शकत नाही, प्रकाश येतो म्हणून आपल्याला आतलं दिसतं. दार वाकलं असेल, नीट बसत नसेल किंवा जाळी गंजली असेल तर मात्र ते मशीन वापरू नका, कितीही स्वस्तात मिळालं तरी.

पापडाचा प्रयोग, नक्की करून बघा

मशीनमधली काचेची ताटली फिरते कशासाठी? आतल्या लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी जोर वाढतो, काही ठिकाणी जवळजवळ शून्य होतो. पदार्थ एकाच जागी ठेवला तर ठिपक्याठिपक्यांनी तापतो. हे उडदाच्या पापडावर इतकं छान दिसतं की व्हिडिओपेक्षा तुम्ही स्वतः केलेलं बरं.

फिरणारी ताटली आणि तिच्याखालचं चाकाचं कडं काढा. मधल्या फिरत्या खुंटीला लागणार नाही अशी काचेची पसरट डिश उपडी ठेवा. त्यावर तीन-चार कच्चे पापड एकमेकांना चिकटून पसरा, कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवा आणि २० ते ३० सेकंद चालवा. लक्ष ठेवून थांबवा. काही जागा पांढऱ्या फुललेल्या दिसतील, शेजारच्या जागा कच्च्या. फुललेल्या दोन जवळच्या ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं तर साधारण ६ सेंटीमीटरच्या आसपास येतं, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं. प्रत्येक मशीनची पेटी वेगळी, त्यामुळे नक्षी अगदी रांगेत येणार नाही.

पापड फुलतो तो त्यात उरलेल्या थोड्याशा ओलाव्यामुळे. ओलाव्याची वाफ होते आणि ती पापडाला फुगवते. म्हणजे पापड किती वाळवला यावर तो मायक्रोवेव्हमध्ये कसा भाजला जाणार हे ठरतं. एकाच कुटलेल्या पिठाचे पापड दोन दिवस वेगवेगळे वाळवून, पॅक करून, भाजून बघा. जो एकसारखा फुलतो तो तुमचा माल. शहरातल्या कस्टमरकडे गॅसच्या आचेवर चिमट्याने पापड भाजायला सवड नसते, तो मायक्रोवेव्हच वापरणार. मग आपण आपला पापड त्यातच तपासायला नको का?

पापडासारखी कोरडी, हलकी वस्तू एकटी असताना वेळ कमी ठेवा. पाणीच नसेल तर लहरी जाणार कुठे? त्या परत मॅग्नेट्रॉनकडे येतात आणि त्याला तापवतात. रिकामं मशीन चालवू नका असं पुस्तिकेत लिहितात ते याचसाठी.

भांडी: कुठलं आत, कुठलं बाहेर

आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण स्टीलची. डबा स्टीलचा, वाटी स्टीलची, ताट स्टीलचं. धातू लहरींना आत जाऊच देत नाही, परतवून लावतो. ओव्हनच्या भिंती धातूच्या असतात त्या त्यासाठीच. म्हणून स्टीलच्या डब्यातला भात मायक्रोवेव्हमध्ये फक्त वरून, तोंडाच्या बाजूने थोडा तापेल, बाकी गार. त्यातून डबा भिंतीला टेकला किंवा कडा टोकदार असल्या तर ठिणग्या उडतात. काट्याची टोकं, चुरगाळलेली ॲल्युमिनियम फॉइल, कपाची सोनेरी कड, पार्सलच्या पिशवीची स्टेपल पिन, पाकीट बांधायची तार, लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण, या सगळ्यांचं तेच. वस्तू जितकी पातळ आणि टोकदार, तितकी ठिणगी लवकर. सोनेरी कडेची कपबशी म्हणजे चिनी मातीवर धातूचा बारीक पट्टा, तो जळून काळा पडतो.

इथे दुकानदाराची एक चलाखी लक्षात घ्या. कन्व्हेक्शन मशीन विकताना तो म्हणतो, "यात ॲल्युमिनियमचा केक टिनसुद्धा चालतो." चालतो, पण फक्त कन्व्हेक्शन मोडवर, जेव्हा मशीन साध्या भट्टीसारखं गरम हवेने तापतं. बटण मायक्रोवेव्हवर गेलं की तोच टिन धोक्याचा. कामाला दोन मुलं ठेवली असतील तर त्यांना हा फरक लिहून, मशीनवर चिकटवून द्या.

काचेत दोन प्रकार. बोरोसिलिकेट काच, जिला आपण सरसकट "बोरोसिल" म्हणतो, ती तापमानाचा फरक सोसते. साध्या काचेचा ग्लास किंवा मुरांब्याची बरणी लहरींना अडवत नाही, पण आतला पदार्थ एका जागी कढत आणि दुसऱ्या जागी गार असला की ती तडकते. फ्रिजमधून काढून थेट आत ठेवली तर हमखास. चिनी मातीची साधी पांढरी, बिनसोनेरी भांडी चांगली.

मेलामाइनच्या ताटल्या खाणावळीत भरपूर असतात, हलक्या आणि न फुटणाऱ्या. त्या मायक्रोवेव्हमध्ये नकोत. त्या स्वतःच लहरी शोषून तापतात, आणि तापल्यावर त्यातली रसायनं अन्नात उतरू शकतात. कच्च्या मातीचं मडकं किंवा कुल्हड दिसायला निरुपद्रवी, पण मातीने पाणी शोषलेलं असतं. मग पदार्थाआधी भांडंच तापतं आणि हाताला चटका बसतो.

प्लॅस्टिक. इथे थोडं थांबू, कारण पार्सलचा सगळा खर्च आणि सगळी जोखीम इथेच आहे. डबा उलटा करा. त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते गरम पदार्थाला टिकतं आणि मायक्रोवेव्हचे डबे बहुतेक त्याचेच. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, ते उकळत्या पाण्याच्या खूप आधीच मऊ पडून वाकडं होतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलंच, ते अजिबात नको. आकडाच नसेल तर डबा घेऊच नका. पण ५ आकडा म्हणजे परवाना नव्हे. "मायक्रोवेव्ह सेफ" याचा साधा अर्थ डबा वितळणार नाही, वाकणार नाही. तेल आणि साखर १०० अंशांच्या वर जातात, त्यामुळे तर्रीची भाजी किंवा गुळाचं सारण जिथे प्लॅस्टिकला लागून असतं तिथे पाण्यापेक्षा जास्त चटका बसतो. डब्याच्या आत तेलाच्या रेषेवर खडबडीत पांढरट कडं पडलेलं बघितलंय ना? ते तेच. माझं स्पष्ट मत: तेलकट आणि गोड पदार्थ कस्टमरने काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढूनच गरम करावा, आणि ते आपण त्याला सांगावं. भाताला, इडलीला ५ नंबरचा डबा ठीक, झाकण सैल करून.

होलसेलवाल्याकडून डबे घेताना "फूड ग्रेड आहे ना?" एवढं तोंडी विचारून उपयोग नाही. बिलावर किंवा पत्रावर लिहून घ्या. उद्या तक्रार आली तर तुमच्याकडे दाखवायला कागद हवा.

वर्तमानपत्राच्या कागदात वडे, भजी देणं तर एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार मनाईच आहे, शाईतले घटक तेलाबरोबर अन्नात उतरतात. मायक्रोवेव्हमध्ये तो कागद पेटूही शकतो.

आपल्या कोकणात याला एक देखणा पर्याय आहे. केळीचं पान आणि सुपारीच्या गळून पडलेल्या झावळीपासून दाबून केलेल्या ताटल्या. मिनिटभराच्या गरम करण्याला दोन्ही चालतात, कारण यात धातूही नाही आणि प्लॅस्टिकही नाही. जास्त वेळ ठेवलं तर केळीचं पान काळं पडतं, ताटली कोरडी होऊन करपते. पत्रावळ टाचणी-पिनेने टाचलेली असेल तर नको, काडीने टाचलेली हवी.

एखाद्या भांड्याबद्दल शंका असेल आणि ते धातूचं नसेल, तर असं तपासा. रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी बोरोसिलच्या कपात पाणी ठेवा, एक मिनिट पूर्ण पॉवरवर चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर भांडं कामाचं. भांडं गरम आणि पाणी कोमट, तर ते ओट्यावरच राहू द्या. ही परीक्षा फक्त तापण्याची. प्लॅस्टिक अन्नासाठी योग्य आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

रोहा: काउंटरवरचं मशीन पैसे वाचवतं की वेळ खातं?

मशीनवर दोन वॅट लिहिलेले असतात. एक ते विजेच्या मीटरमधून घेतं, दुसरा ते पदार्थाला देतं. ८०० वॅट देणारं मशीन साधारण १२०० वॅट ओढतं. बाकीचे पंख्यात, दिव्यात आणि मॅग्नेट्रॉन गरम होण्यात जातात. म्हणून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, फ्रिजच्या एक्स्टेंशनवर लावू नका.

सेकंडहँड मशीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढा. एक लिटर साधं पाणी, तापमान मोजा, एक मिनिट पूर्ण पॉवर, चमच्याने ढवळा, पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा. २७ वरून ३८ झालं म्हणजे ११ अंश, ११ गुणिले ७०, म्हणजे ७७० वॅट. छान. ८०० लिहिलंय आणि उत्तर ५०० आलं, तर मॅग्नेट्रॉन थकलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. हे ७० आलं कुठून? एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४२०० ज्यूल लागतात आणि मिनिटात ६० सेकंद. भागून बघा. नवीन मशीनचीही ही परीक्षा तुमच्या दुकानात, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी करा, कारण लाईट डिम असेल तर बऱ्याच मशीनचा जोर उतरतो.

आता कॉस्टिंग. फ्रिजमधलं ३०० ग्रॅमचं ताट नीट गरम व्हायला ८०० वॅटवर जवळपास दोन मिनिटं धरा. १२०० वॅट गुणिले दोन मिनिटं म्हणजे ०.०४ युनिट. समजा युनिटला १२ रुपये पडतात, तर ताटाला ४८ पैसे. "अरे वा, फुकटच की!" असं म्हणून लोक मशीन घेतात. पण धंद्यात विजेपेक्षा महाग काय आहे? दुपारची अर्धी सुट्टी. समजा २५ कामगार एकदम आले. एकेका ताटाला दोन मिनिटं म्हणजे ५० मिनिटं, आणि त्यांची सुट्टी आहे ३० मिनिटांची. शेवटचे दहा-बारा जण ताट हातात न घेताच परत जातील, आणि उद्या दुसरीकडे जातील. दोन ताटं एकदम ठेवली तर? उष्णता दोघांत वाटली जाते, वेळ जवळपास दुप्पट लागतो. गॅसवर मोठं पातेलं ठेवलं की वीस जणांचं वरण एकत्र तापतं, मायक्रोवेव्ह तसं करू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. गर्दीच्या वेळेला वरण, भाजी, भात ताजं करून गरम पाण्याच्या ट्रेवर, ६० अंशांच्या वर राहील असं ठेवा. मायक्रोवेव्ह वापरा तो उशिरा आलेल्या एकट्यादुकट्यासाठी, सेकंड शिफ्टच्या चार ताटांसाठी. एवढ्यासाठी साधं सोलो मशीन पुरतं, ग्रिल-कन्व्हेक्शनचे जादा पैसे घालू नका. आणि वॉरंटी कार्ड वाचा. बहुतेक घरगुती मशीनच्या वॉरंटीत "फक्त घरगुती वापर" अशी अट असते. दुकानात बिघडलं तर दुरुस्ती तुमच्या खिशातून, हे कॉस्टिंगमध्ये आधीच धरा.

गरम करताना अन्नाचा ढीग करू नका. मध्ये जागा मोकळी सोडून कड्यासारखं पसरा, झाकण सैल ठेवा, अर्ध्या वेळाने ढवळा आणि संपल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या. त्या एका मिनिटात गरम जागेची उष्णता गार जागेत जाते. एक डिजिटल थर्मामीटर घ्या आणि ताटाच्या मधोमध खुपसून बघा. पुन्हा गरम केलेलं अन्न मध्यभागी ७५ अंशांपर्यंत जायला हवं. वाफ दिसली म्हणजे झालं असं नाही, वाफ कडेची असते.

भाताबद्दल विशेष. आपल्याकडे भात उरतोच. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात एक जिवाणू वाढतो, तो जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मायक्रोवेव्ह शिळ्या भाताला ताजं करत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच गरम, उरला तर टाकून द्या. पोटं बिघडली तर एमआयडीसीच्या गेटवर ती बातमी तासाभरात फिरते, तुमचा बोर्ड कितीही मोठा असला तरी.

आणि हो, सुकट किंवा बोंबलाचं कालवण गरम केलेल्या मशीनमध्ये लगेच कोणाचा शिरा ठेवू नका! वाडग्यात पाणी, लिंबाची फोड आणि एक लाकडी चमचा घालून तीन मिनिटं चालवा, मग ओल्या फडक्याने पुसा. चमचा कशाला? गुळगुळीत भांड्यात नुसतं पाणी कधी कधी बुडबुडे न येता उकळीच्या पुढे तापतं आणि हलवल्याबरोबर उसळून अंगावर येतं. चमच्याच्या खडबडीतपणामुळे बुडबुडे सुटायला जागा मिळते. चहाचं पाणी गरम करतानाही तेच करा.

पेण: पाकिटावरच्या चार ओळी

आता पेणकडे. समजा तुम्ही उकडीचे मोदक फ्रोझन करून विकता. बर्फातले पाण्याचे कण एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, मेमूत पाय हलवायला जागा नसावी तसे, त्यामुळे बर्फ या लहरींनी फारसा तापत नाही. पण एखादा कोपरा वितळला की तिथलं पाणी भराभर तापतं, शेजारी बर्फ तसाच. म्हणून डिफ्रॉस्ट मोड लहरी थांबून थांबून सोडतो, मधल्या वेळात उष्णता पसरायला सवड मिळते. शिवाय मोदकात दोन वेगळ्या वस्तू आहेत. वरची उकड ओलसर आणि पातळ, आतलं सारण गुळाचं. त्याच लहरींत सारण उकडीपेक्षा जास्त तापतं. हाताला कोमट लागलेला मोदक जिभेला भाजतो तो यामुळे. एखाद्या लहान मुलाचं तोंड भाजलं तर आई-वडील तुमच्या मोदकालाच दोष देणार.

"मायक्रोवेव्हमध्ये गरम करा" एवढंच छापलं तर कस्टमर पाकिटासकट दोन मिनिटं ठेवतो. उकड चामट, सारण कढत, आणि शेरा येतो, "पेणहून मागवले, पण मजा नाही." माल चांगला होता, बिघडला तो शेवटच्या दोन मिनिटांत.

त्यापेक्षा असं लिहा: "पाकिटातून काढा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यात दोन मोदक, मध्ये अंतर ठेवून. पाण्याचा हबका मारा, सैल झाकण ठेवा. डिफ्रॉस्टवर दोन मिनिटं, मग ८०० वॅटवर ३० सेकंद. एक मिनिट थांबा. सारण खूप गरम असतं, मुलांना देताना फोडून द्या." यातले आकडे माझ्यावर विश्वास ठेवून छापू नका, ते सुरुवातीला धरायचे आकडे आहेत. तुमच्या मोदकाचा आकार, उकडीची जाडी वेगळी. दोन वेगळ्या वॅटच्या मशीनवर, एकदा नातेवाइकांकडे, एकदा शेजाऱ्यांकडे, निदान पाच-सहा वेळा करून थर्मामीटरने बघा आणि मग छापायला द्या. वॅट लिहायला विसरू नका, कारण ६०० वॅटच्या मशीनला ८०० पेक्षा साधारण एक तृतीयांश वेळ जास्त लागतो.

पापडाला एवढं नको. "एक पापड, दोन्ही बाजूंना तेलाचा बारीक हात, ताटलीच्या कडेला ठेवा, ३० सेकंदांनी बघा, लागेल तसे १० सेकंद वाढवा." मध्यभागी का नाही? फिरत्या ताटलीचा मध्यबिंदू जागचा हलत नाही. तिथे लहरीचा जोर कमी असेल तर तो भाग पूर्ण वेळ कमी जोरातच राहतो.

वालाचं बिरडं हवाबंद पाऊचमध्ये विकणाऱ्यांसाठी एक जास्तीची ओळ लागते. पाऊचच्या आत चंदेरी थर असेल तर तो बहुधा धातूचा असतो. "पाऊच मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, भांड्यात ओतून गरम करावे" हे ठळक आणि मराठी-हिंदी दोन्हींत हवं. पाऊच बिनधातूचा असला तरी कोपरा न कापता ठेवला तर वाफ कोंडून फुटतो.

छपाईला टाकण्याआधी एक प्रिंट काढून अशा माणसाला द्या, ज्याने तुमचा पदार्थ कधी केलेला नाही. तुम्ही बाजूला गप्प उभे राहा, एक शब्द बोलू नका. तो जिथे अडेल, जिथे चुकीचं भांडं हातात घेईल, तिथली ओळ बदला आणि दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा द्या.